व्हेरिएबल कुठवर दिसतं ते आधी पाहा

तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला एक्सएसएलटी न मागता येते. आधीचा माणूस नोकरी सोडून जातो आणि बिलं छापणारी स्टाइलशीट तुमच्या गळ्यात पडते. तुम्ही एक लहानसा बदल करता. एरर येत नाही, पण बिलावर सवलत शून्य छापून येते आणि ते कळतं ग्राहकाचा फोन आल्यावर. या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: व्हेरिएबल कुठवर दिसतं ते न पाहणं.

टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं व्हेरिएबल ज्या टॅगच्या पोटात आहे, तो टॅग बंद होईपर्यंतच दिसतं. तेही फक्त स्वतःच्या खालच्या ओळींना. सगळ्या टेम्प्लेटांच्या बाहेर, थेट स्टाइलशीटच्या टॅगखाली लिहिलेलं मात्र सगळीकडे दिसतं. ते वर लिहा की खाली, फरक पडत नाही.

आता तुमचं बिल घ्या. ५००० रुपयांच्या वर खरेदी झाली तर १० टक्के सवलत द्यायची आहे. तुम्ही ‘इफ’ लिहिता, त्याच्या आत ‘सवलत’ नावाचं व्हेरिएबल करता आणि ‘इफ’ बंद झाल्यावर ते छापायला जाता. असं व्हेरिएबलच नाही, अशी तक्रार येते. ती बरोबरच आहे. ‘इफ’ बंद झाला तिथेच ते संपलं.

इथे खरा धोका सुरू होतो. तक्रार थांबवायला माणूस वर, सगळ्या टेम्प्लेटांच्या बाहेर, शून्य किमतीचं आणखी एक ‘सवलत’ लिहून ठेवतो. तक्रार थांबते. पण आतल्या ‘सवलत’ने बाहेरच्याची किंमत बदललेली नसते. ही दोन वेगळी व्हेरिएबलं आहेत. आतलं चालू असेपर्यंत बाहेरचं झाकलेलं राहतं, इतकंच. छापलं जातं ते शून्यच.

म्हणून उलटं करा. व्हेरिएबल बाहेर ठेवा, निवड त्याच्या आत ठेवा. ‘सवलत’ उघडा, आत ‘चूज’ लिहा. ‘व्हेन’मध्ये रकमेचे १० टक्के, ‘अदरवाइज’मध्ये शून्य. मग ‘सवलत’ बंद करा. आता ती खाली हवी तिथे वापरा. एवढी एक सवय लागली तरी तुमच्या निम्म्या संध्याकाळी वाचतील.

इथलं व्हेरिएबल म्हणजे वहीत शाईने लिहिलेला आकडा. एकदा लिहिला की खोडता येत नाही. त्यामुळे ‘फॉर-ईच’मध्ये बेरीज वाढवत नेण्याच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक फेरीत व्हेरिएबल नव्याने जन्मतं. साधी बेरीज असेल तर ‘सम’ वापरा. दर गुणिले नग करून बेरीज हवी असेल, तर एक्सएसएलटी २.० मध्ये तीही ‘सम’च्या आतच होते. १.० मध्ये टेम्प्लेटने स्वतःलाच पुन्हा बोलवावं लागतं. ओळीगणिक शिल्लक दाखवायची असेल आणि ३.० हाताशी असेल, तर ‘इटरेट’ त्यासाठीच आहे.

एका टेम्प्लेटमधून दुसऱ्याला बोलावलं, की तुमची आतली व्हेरिएबलं त्याला दिसत नाहीत. ‘विथ-पॅराम’ने हातात द्या आणि तिकडे ‘पॅराम’ लिहून घ्या. दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखं ठेवा. ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ने पाठवताना नाव चुकलं तर कुणी ओरडत नाही, किंमत मुकाट्याने गळते. वाटेतल्या एखाद्या नोडसाठी टेम्प्लेट लिहिलेलाच नसेल, तर १.० चा आपोआप चालणारा नियम तुमचं पॅराम पुढे नेत नाही. २.० पासून नेतो.

संशय आला की अंदाज बांधत बसू नका. जिथे किंमत हवी त्याच्या वरच्याच ओळीवर ‘मेसेज’ टाकून ती छापून पाहा.

जुनी फाइल २.० वर नेणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. १९९९ च्या १.० मध्ये टेम्प्लेटच्या आतल्या व्हेरिएबलच्या टप्प्यात त्याच नावाचं दुसरं लिहिणं ही चूक मानली जायची. २००७ च्या २.० पासून ते चालतं. म्हणजे पूर्वी अडवणारी चूक आता न बोलता पुढे जाईल. व्हर्जनचा आकडा बदलण्याआधी प्रत्येक टेम्प्लेटमधली नावं तपासा, दुबार आलेली बदला आणि जुन्या फाइलने छापलेली पाच-दहा बिलं नव्याशी ओळीओळीने ताडून पाहा. त्यात ५००० च्या खालचं एक आणि वरचं एक बिल असू द्या.