लॅपटॉपचा ब्रँड बदला, पण आधी हे बघा

"सर, मॅकबुक घेऊ का? क्लायंटवर इम्प्रेशन पडतं," हा प्रश्न दर बॅचमध्ये येतोच. माझं मत विचाराल तर धंदा नवीन असताना नको. मी स्वतः मॅकबुक सोडून जुन्या थिंकपॅडवर आलो. पहिला आठवडा नुसती चिडचिड, सगळे शॉर्टकट चुकायचे. पण माझा हिशोब टॅलीवर, आणि टॅली बनलंय विंडोजसाठी. मॅकवर त्याच्यासाठी वेगळं जुगाड करावं लागायचं. शिवाय मॅकबुक एअरची रॅम नंतर वाढवता येत नाही. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, एसएसडीही बदलता येते. म्हणजे गरज वाढली की तेवढाच खर्च.

पण स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका हं! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. सहाव्या जनरेशनचं मशीन कितीही चकाचक असो, दुकानदाराकडेच राहू द्या. नवीन घेत असाल तर आपला जीएसटी नंबर टाकून पक्कं बिल घ्या. रेग्युलर स्कीममध्ये धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्यांना नाही.

व्हिडिओ एडिटिंग हाच तुमचा धंदा असेल तर माझं ऐकू नका, मॅक ठेवा. बाकीच्यांनी वाचलेल्या पैशातून आधी एक बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि दर शनिवारी बॅकअप. मी तीन महिने टाळलं होतं.