‘सोल्ड आउट’ झालं, पण हातात उरलं किती?

रविवारी संध्याकाळी सात वाजता इन्स्टावर ‘ड्रॉप’ लागतो. पाच मिनिटांत डेनिम जॅकेटच्या फोटोवर ‘बुक्ड’ पडतं आणि ज्यांच्या हातून ते निसटलं, ते ‘रीस्टॉक कधी?’ म्हणून डीएम टाकत बसतात. जुन्या कपड्याचा रीस्टॉक होत नसतो, पण असो. तुमच्या वर्गात असं थ्रिफ्ट पेज चालवणारं कुणी ना कुणी असेलच. कदाचित तुम्हीच असाल, किंवा या सुट्टीत आपणही सुरू करावं का, असा किडा डोक्यात वळवळत असेल.

मी हा उद्योग आठ महिने केलाय. त्यामुळे थोडं हक्काने बोलते.

आधी हे सगळं आलं कुठून ते बघू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजं बंद, कपाटं गच्च भरलेली आणि हातात दिवसभर फोन. यूपीआय २०१६ पासून होतंच, दुकानाचं भाडं द्यायचं नव्हतं. मग घरातल्या कपड्यांपासून सुरू झालेली पेजेस हळूहळू बाजारातून माल उचलायला लागली. मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीत सरोजिनी नगर. जगभरातही हीच लाट होती. २०२१ मध्ये एट्सी या अमेरिकी कंपनीने डेपॉप हे जुन्या कपड्यांचं अ‍ॅप तब्बल १.६ अब्ज डॉलरना विकत घेतलं. त्याच वर्षी पॉशमार्क भारतात आलं. आणि २०२३ मध्ये गाशा गुंडाळून परतही गेलं.

एवढी मोठी कंपनी इथे का टिकली नाही, याची कारणं तिची तिला माहीत. पण आपल्याकडच्या धंद्याची गोम मला एका साध्या हिशेबात दिसली. तो तुम्हीही करून बघा.

समजा, तुम्ही जुन्या बाजारातून दोनशे रुपयांना एक असे दहा पीस उचलले. झाले २,०००. जाण्या-येण्याचे १६०. धुलाई, इस्त्री, एखादं तुटलेलं बटण धरून पीसमागे ३०, म्हणजे ३००. सहा पीस प्रत्येकी सहाशेला गेले. खात्यात ३,६०० आले! स्क्रीनशॉट काढून स्टोरीवर टाकावा असा क्षण. पण ‘फ्री शिपिंग’ लिहिलं होतं ना? सहा पार्सलांचे कुरियरचे ४८० आणि पिशव्या-टेपचे ६० तुमच्याच खिशातून गेले. एकूण खर्च ३,०००. उरले ६००. बाजारात फिरणं, धुणं, फोटो काढणं, मापं घेणं, ‘लास्ट प्राइस?’वाल्यांना उत्तरं देणं आणि कुरियरच्या रांगेत उभं राहणं यात पंधरा तास गेले असतील, तर तासाला ४० रुपये पडले. त्यात वॉशिंग मशीनची वीज आईच्या बिलात गेली, ती धरलेलीच नाही.

उरलेले चार पीस? ते पलंगाखालच्या बॅगेत आहेत. त्यांत तुमचे ८०० रुपये अडकलेत. वाणिज्य शाखेवाले याला ‘डेड स्टॉक’ म्हणतील. माझ्याकडे अजून एक जांभळा कोट आहे, त्याचं नाव मी घेत नाही.

इथेच आपण बहुतेक जण फसतो. जीपेवर आलेला आकडा आपण कमाई समजतो आणि त्यातूनच मोमो, रिचार्ज, पुढचा माल असं सगळं उडवतो. मी तिसऱ्या महिन्यात एक साधी वही केली. डावीकडे गेलेले, उजवीकडे आलेले, आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात. तेव्हा कळलं की पहिले दोन महिने मी लोकांना कपडे जवळजवळ फुकट वाटत होते.

दुसरी अडचण किमतीची. युरोप-अमेरिकेत नवा कपडा महाग, म्हणून जुना स्वस्त वाटतो. आपल्याकडे फॅशन स्ट्रीटवर नवा कोरा टीशर्ट दोन-तीनशेला मिळतो. मग कुणी वापरलेल्याला सहाशे का द्यावेत? ते द्यायचे तर कापड, शिलाई, फिटिंग यांत काहीतरी खास हवं. म्हणजे तुमची खरी मेहनत निवडीत आहे. फोटोचे फिल्टर नंतर. आणि हो, ‘फर्स्ट कॉपी’ला ओरिजिनल म्हणून विकू नका. बनावट ब्रँडचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, तुमचं पेज कितीही छोटं असलं तरी.

कराचंही थोडं कानावर असू द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल, तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण व्यवसाय म्हणून बंगळुरू-दिल्लीला पार्सल पाठवायला लागलात की नियम बदलतो. दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला नोंदणीची ही सूट सहसा मिळत नाही. ‘पॅन इंडिया शिपिंग’ असं बायोमध्ये टाकण्याआधी एखाद्या सीए काकांना विचारलेलं बरं. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पेमेंट पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो गिऱ्हाईक नव्हे. गंडवले गेलातच तर लगेच १९३० वर फोन करा.

आता जरा बोचणारी गोष्ट. हा धंदा आपण शोधलेला नाही. ‘प्री-लव्ह्ड’ हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून बोहारीण दारात येतेय. तुमच्या आजीने जुन्या साड्या आणि आजोबांची पँट देऊन स्टीलचं पातेलं घेतलं असेल, वर एक चमचा मागून. ते कपडे धुऊन, टाके घालून बाजारात जातात आणि ज्यांना नवं परवडत नाही ते ते घेतात. आपण त्याच ढिगातून दोनशेचं जॅकेट उचलून सहाशेला विकतो. आपल्यासारखे पाचपन्नास जण दर रविवारी तिथे घुटमळायला लागले, की विक्रेता भाव वाढवणारच, आणि का वाढवू नये? पण थंडीसाठी तेच जॅकेट घ्यायला आलेल्या वॉचमनकाकांचं काय? याचं उत्तर मला सापडलेलं नाही. मी एवढंच केलं, की स्वेटर आणि लहान मुलांचे कपडे घेणं बंद केलं. आता जास्त माल ओळखीच्यांच्या कपाटातून घेते, विकलं गेलं की निम्मे पैसे त्यांना. माल न खपला तर परत देता येतो, त्यामुळे पलंगाखालची बॅगही रिकामी व्हायला लागलीय.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत बोहारीण आली होती. माझ्याकडचा तो कोट तिला दाखवला. तिने तो उलटा करून अस्तर बघितलं, बाही ओढून पाहिली आणि म्हणाली, ‘बाई, ह्याचं काय येत नाय.’ बरंच घासाघीस करून एक वाटी मिळाली.