दाखल्यावर एक, देवळांत एक

हल्लीं गांवोगांवच्या पारावर ख्रिस्ती लोकांविषयीं दोन बोल हटकून ऐकूं येतात. एक म्हणजे, हा धर्म परमुलखांतला, इथल्या मातींतला नव्हे. दुसरा म्हणजे, हे लोक धान्याच्या व पैशाच्या लोभानें बाटले. आम्ही सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत मुलांस शिकवितों आणि ख्रिस्ती घरांत वाढलों आहों; तेव्हां या दोन्ही बोलांस उत्तर देणें आमच्याकडे येतें. उत्तर देऊन झाल्यावर आमच्याच मंडळींस दोन कडू शब्द ऐकवावे लागतील, तेही आम्ही राखून ठेवणार नाहीं.

परमुलखाची गोष्ट आधीं घेऊं. सोलापूरच्या शेंगाचटणीचें नांव सगळ्या महाराष्ट्रांत आहे. तिच्यांतली शेंग व तिच्यांतली मिरची हीं दोन्ही पिकें मुळांत अमेरिका खंडांतलीं. जहाजांतून या देशीं आलीं. परकी म्हणून कोणी ही चटणी ताटांतून काढून टाकतो काय ? जें आपल्या रानांत रुजलें, आपल्या उखळांत कुटलें गेलें, तें आपलें झालें. ख्रिस्ताच्या शिकवणीचेंही तसेंच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस, १८३१ सालीं अहमदनगरास व पुढें सोलापुरास आले, हें खरें. पण ही शिकवण मराठी माणसाच्या काळजास भिडेल अशी सांगितली ती इथल्याच लोकांनीं. बाबा पदमनजी जातीचे कासार. त्यांनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे हाल जगापुढें मांडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें मराठी मंडळ्यांत आजही म्हटलीं जातात. पंडिता रमाबाईंनीं पुणें-सोलापूर लोहमार्गावर केडगांवास दुष्काळांत उघड्या पडलेल्या बायामुलींस आसरा दिला, त्यांच्या हातांस उद्योग दिला, आणि सगळें बायबल साध्या बाईसही कळेल अशा मराठींत आणण्यासाठीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून १९२२ सालीं मरेपर्यंत त्या खपल्या. त्यांच्या धर्मांतरावरून जेव्हां गहजब उडाला, तेव्हां १८८५ सालीं 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुलेच होते.

आतां लोभाची गोष्ट. १८७६-७८ चा व १८९९-१९०० चा दुष्काळ या मुलखानें भोगला. त्या काळीं कित्येक भुकेलीं माणसें मिशनच्या दारीं गेलीं, हें आम्ही कशाला नाकारूं ? आधीं पोटोबा, मग विठोबा, ही म्हण आपलीच आहे. ज्याला गांवच्या विहिरीवर पाणी नव्हतें आणि देवळाच्या पायरीवर पाय ठेवूं देत नव्हते, त्याला कोणीं पंगतीला बसविलें तर तो तिथें राहिला, यांत दोष भुकेल्याचा कीं हांकलणाऱ्याचा, हें वाचकांनींच ठरवावें.

पण दुष्काळाचे ते दिवस गेले. आजचा हिशेब उलटा आहे, आणि तोच पुष्कळांस ठाऊक नाहीं. १० ऑगस्ट १९५० रोजीं अनुसूचित जातींविषयीं जो हुकूम निघाला, त्यानें हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्यास त्या यादींतून बाहेर ठेविलें. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस आंत घेतलें; ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे महाराच्या किंवा मांगाच्या मुलानें उघडपणें ख्रिस्त मानला कीं अनुसूचित जातीची शिष्यवृत्ति गेली, राखीव जागा गेली, आणि अत्याचार झाला तर त्या जातींसाठीं केलेल्या खास कायद्याचें कवचही गेलें. तेव्हां लोभानें बाटले असें म्हणणाऱ्यानें सांगावें, आज ख्रिस्ती म्हणवून घेण्यांत मिळकत आहे कीं नुकसान ?

याचा परिणाम आम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरावर पाहतों. बाप मुलाला घेऊन येतो. घरीं रविवार पाळतात, भिंतीवर वचन लावलेलें असतें, लग्न पाळकानें लावलेलें असतें. पण धर्माचा रकाना आला कीं बापाची जीभ अडखळते. खरें लिहावें तर पोराचें शिक्षण अडतें. खोटें लिहावें तर ज्या प्रभूला सत्य म्हणून मानलें त्यालाच दारांत उभें करून आपण आंतून कडी लावतों. ज्या कायद्यानें गरिबाच्या सत्यालाच किंमत लावली, त्या कायद्याविरुद्ध आमची तक्रार आहे. देवाच्या धर्मांत जात नाहीं, म्हणून ख्रिस्त्यास जातीची सवलत नको, असें सांगतात. ठीक, पण गांवच्या वाड्यावर मजूर सांगतांना बाप्तिस्म्याचा कागद कोण बघतो? हिणवणारा आडनांवावरून व वस्तीवरून जात ओळखतो. छळ करतांना जात दिसते आणि मदत करतांना ती दिसेनाशी होते, हा न्याय कुठला ?

आतां आमच्या ख्रिस्ती बंधूंस. कायदा वांकडा आहे म्हणून आपण वांकडें चालावें, हें आम्हांस मान्य नाहीं. पुदुच्चेरीच्या एका खटल्यांत २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगून टाकलें कीं, ख्रिस्ती धर्म आचरून केवळ सवलतीसाठीं स्वतःस हिंदू म्हणविणें ही राज्यघटनेशीं लबाडी आहे. दाखल्यावर एक आणि देवळांत एक अशी दुहेरी चाल जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत पारावरच्या निंदकास तुम्ही कोणत्या तोंडानें उत्तर देणार ? धर्माचा बचाव व्याख्यानांनीं होत नाहीं; तो रजिस्टराच्या रकान्यांत होतो, मापांत होतो, घेतलेलें कर्ज फेडण्यांत होतो. जो खरें लिहितो त्याच्या पोराची फी एकट्या बापावर टाकूं नका. दर घरानें रोज मूठभर ज्वारी बाजूस काढावी आणि मंडळीनें त्यांतून वह्या-पुस्तकें पुरवावीं. आणि महार ख्रिस्त्यानें मांग ख्रिस्त्याच्या घरीं सोयरीक करायची म्हटली कीं जीं तोंडें वांकडीं होतात, तीं आधीं सरळ करा. आपल्या बांकांवर जात बसवून ठेवायची आणि शेजाऱ्यास समतेचा उपदेश करायचा, हें 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' असें आहे.

शेवटीं आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य सांभाळून आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व सांगण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. तो ख्रिस्त्यास देतांना कोणाचें कांहीं कमी होत नाहीं. जोतीरावांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत असें कुटुंब कल्पिलें कीं, ज्यांत बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सारे एका घरांत प्रेमानें नांदतात. जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यानें एवढें तरी आपल्या गल्लींत चालूं द्यावें.

अनुसूचित जातींतील कांहीं बंधूंस भीति वाटते कीं, ख्रिस्ती आंत आले तर आपल्या भाकरीचा तुकडा लहान होईल. ही भीति खोटी नाहीं. म्हणून मागणी अशी करावी कीं, माणसें वाढलीं तर वांटाही वाढावा. तुकड्यावरून भावाभावांत भांडण लावून मोठी भाकर दुसऱ्याच्या शिंक्यावर राहूं देऊं नये. हा प्रश्न तपासण्यासाठीं २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आयोग काय म्हणेल तें म्हणो. गांवानें आपलें मत आधीं बनवावें. ज्याला जातीचा चटका बसतो त्याला औषध मिळावें, तो कोणत्या देवापुढें हात जोडतो हें विचारूं नये. आणि आमच्या ख्रिस्ती आईबापांनीं पोराच्या दाखल्यावर खरा धर्म लिहावा व मान वर करून शाळेंतून बाहेर पडावें. एवढें झालें तर निंदकास दुसरें उत्तर देण्याची गरजच उरणार नाहीं.