अति तेथे माती... गोळीचीसुद्धा!

'स्ट्रेस' म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच गोष्टी आठवतात. एक एस.ओ.एम.च्या पेपरातला, म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दुसरा सबमिशनच्या आदल्या रात्रीचा, ज्याला कुठलंच सूत्र लागू पडत नाही! पण मित्रांनो, स्ट्रेसचा एक तिसरा प्रकारही आहे. तो आपल्या पेशींमध्ये असतो. त्याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात आणि त्याचा थेट संबंध आपल्या टेबलाच्या खणात पडलेल्या तापाच्या गोळ्यांशी आहे.

आपली पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करते. हे काम चालू असताना काही अस्थिर, तापट रेणू तयार होतात. ते शेजारच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. थोडक्यात, आतल्या आत गंज चढतो. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आपण 'सॅक्रिफिशियल अॅनोड' शिकलो होतो, आठवतंय? लोखंड वाचावं म्हणून जस्त स्वतः झिजतं. पेशीतलं हे जस्त म्हणजे ग्लुटाथायोन. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू. त्यातल्या सिस्टीनवर गंधकाचा जो गट असतो, तोच खरा कामाचा. येणारा प्रत्येक वार तो स्वतःवर घेतो.

आता पॅरासिटामॉलकडे येऊ. ही गोळी वाईट अजिबात नाही. योग्य प्रमाणात घेतली तर जगातल्या सुरक्षित औषधांमध्ये तिची गणना होते. पोटात गेलेल्या औषधाचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. मात्र साधारण ५ ते १० टक्के भागाचं सायटोक्रोम पी-४५० या विकरांमुळे ऑक्सिडेशन होतं आणि 'नॅपक्वी' नावाचा एक विषारी रेणू तयार होतो. म्हणजे विष गोळीत नसतंच, ते आपलंच यकृत बनवतं! एरवी ग्लुटाथायोन त्याला जागच्या जागी पकडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण गोळ्या जास्त झाल्या की साठा संपतो. जस्त झिजून गेलं की पाळी लोखंडाची. मग नॅपक्वी यकृताच्या प्रथिनांना चिकटतं, पेशीचं पॉवर हाऊस असलेलं मायटोकाँड्रिया बिघडतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढत जातो आणि पेशी मरतात. जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत ही साखळी उलगडून दाखवली.

तुम्ही म्हणाल, "एवढ्या गोळ्या खातंय कोण?" जरा हिशोब करू. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्राम, म्हणजे ४००० मिलीग्राम. समजा, एखाद्याला ताप आहे. रूम पार्टनरने दिलेली ६५० ची गोळी त्याने तीनदा घेतली : १९५०. नाक गळतंय म्हणून शेजारच्या रूममधून आणलेली सर्दीची गोळी तीनदा. अशा कित्येक गोळ्यांत ५०० पॅरासिटामॉल असतं : १५००. अंग दुखतंय म्हणून दोन कॉम्बिफ्लाम, प्रत्येकी ३२५ : ६५०. बेरीज करा. ४१००! नावं तीन, रंग तीन, औषध मात्र एकच. सॅरिडॉनमध्येही तेच. वर तापामुळे दोन दिवस मेसला दांडी, म्हणजे ग्लुटाथायोनचा साठा आधीच खालावलेला. नियमित दारू पिणाऱ्याची अवस्था तर आणखी वाईट. हे चार दिवस चाललं तर भार कुणावर पडतो, ते वेगळं सांगायला नको.

मशीन डिझाइनमध्ये लिफ्टच्या दोराला आपण दहाच्या आसपास फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. या गोळीच्या बाबतीत तो त्याच्या जवळपासही नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. जास्त डोस गेला तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, बस्स. यकृताचं नुकसान दिसायला लागतं ते एक-दोन दिवसांनी. म्हणून "मला तर काहीच होत नाहीये" हा पुरावा इथे चालत नाही.

यावर उतारा आहे, आणि तो शुद्ध केमिस्ट्रीतून आला आहे. एन-असिटाइलसिस्टीन. एडिनबर्गच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकात ते शिरेतून देऊन रुग्ण वाचवले. हे औषध पेशीला सिस्टीन पुरवतं आणि पेशी त्यापासून स्वतःचं ग्लुटाथायोन बनवते. पहिल्या ८ तासांत दिलं तर ते सर्वात चांगलं काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

इथे काही जण हुशारी करतील. "मग रोज अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाऊ या की!" नको. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ज्यूसच्या खोक्यावर छापणं सोपं आहे. पण कुठला रेणू, कुठल्या पेशीत, किती आणि कधी, हे न विचारता घेतलेलं औषध म्हणजे युनिट न लिहिलेलं उत्तर. सर त्याला शून्य मार्क देतात!

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या हॉस्टेलवरची 'गोळी-उधारी' बंद व्हायला हवी. रेक्टर सरांना तीन विनंत्या. प्रत्येक मजल्यावर एक तक्ता लावावा : नेहमीच्या गोळ्यांची नावं, आणि पुढे कुठल्या गोळीत किती पॅरासिटामॉल. प्रथमोपचार पेटीसोबत वही ठेवावी. कुणी, किती वाजता, कुठली गोळी घेतली याची नोंद व्हावी. आणि पेटीत साठा मोजकाच असावा. ब्रिटनने १९९८ मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटांचा आकार कमी केला आणि त्यानंतर तिथले या गोळीमुळे होणारे मृत्यू घटले. इतकी साधी गोष्ट!

आणि आपल्यासाठी एकच नियम. दुसरी गोळी घेण्याआधी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची. कुणी जास्त गोळ्या घेतल्याचं कळलं, चुकून असो वा मुद्दाम, तर त्याला एकटं सोडायचं नाही, रागवायचं नाही, त्रास सुरू होण्याची वाट बघायची नाही. पाकिटं खिशात घालायची, रिक्षा पकडायची आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. व्हायवाला उशीर झाला तर बाहेरून आलेले एक्स्टर्नल समजून घेतील. ते आठ तास मात्र कुणासाठी थांबत नाहीत.