शून्याखालच्या खात्यांना दामदुपटीचा न्याय हवा

खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून त्याच खात्यातून आणखी पैसे कापून घ्यावयाचे, हा व्यवहार सामान्य बुद्धीला चमत्कारिक वाटेल. परंतु बँकांच्या दैनंदिन कामकाजात तो इतका रुळला आहे की त्यात काही वावगे आहे असे आता फारसे कोणाला वाटत नाही. किमान शिल्लक राहिली नाही, शुल्क. कर्जाचा हप्ता परत गेला, शुल्क. धनादेश वटला नाही, शुल्क. आणि या शुल्कांवर पुन्हा वस्तू व सेवा कर. ज्याच्या खात्यात लाखभर रुपये पडून असतात त्याला यांपैकी एकाचाही अनुभव येत नाही. ज्याला पंचवीस तारखेनंतर किराणा दुकानदाराकडे उधारी मांडावी लागते, त्याच्या वाट्याला मात्र हे सारे येते.

ओव्हरड्राफ्ट हा शब्द आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या संदर्भात परिचित आहे. व्यापारी तो मागून घेतो. त्यासाठी कागदपत्रे करतो, तारण देतो, व्याज ठरवून घेतो. त्याचा दुसरा प्रकार मंजुरीविना घडतो. खातेदाराने तो मागितलेला नसतो, बँकेनेही तो विचारपूर्वक दिलेला नसतो. शुल्कांची बेरीज शिलकीपेक्षा मोठी झाली की तो आपोआप जन्माला येतो आणि बचत खाते म्हणून उघडलेले खाते कर्ज खाते होऊन बसते. अल्प उत्पन्नाच्या माणसाला ग्रासणारा ओव्हरड्राफ्ट बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो.

उदाहरणादाखल महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाचा विचार करू. त्याचे मानधन महिनोन्महिने रखडते, हे महाराष्ट्रातील शिक्षणक्षेत्राला नव्याने सांगावयास नको. दुचाकीच्या कर्जाचा २,४०० रुपयांचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता खात्याशी येऊन उभा राहतो. समजा, त्या दिवशी खात्यात १,९०० रुपये आहेत. पाचशे रुपये कमी पडले म्हणून हप्ता परत जातो. बँक त्याबद्दल ४०० रुपये व त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे ४७२ रुपये कापून घेते. काही दिवसांनी कर्ज देणारी संस्था तोच हप्ता पुन्हा पाठविते. आता शिल्लक आणखी कमी झालेली असल्याने तो पुन्हा परत जातो आणि आणखी ४७२ रुपये जातात. संस्थेचे स्वतःचे शुल्क ४५० रुपये धरले, तर पाचशे रुपयांच्या तुटीसाठी १,३९४ रुपयांचा भुर्दंड झाला, आणि हप्ता तो हप्ता राहिलाच! खात्यात उरलेले ९५६ रुपये घरखर्चासाठी काढले गेले की पुढच्या महिन्याचे शुल्क कापण्यासही तेथे काही नसते. मग खाते शून्याखाली जाते, किंवा बँक आपले येणे मांडून ठेवते व पुढे जमा होणाऱ्या रकमेतून प्रथम ते वसूल करते. रखडलेले मानधन अखेर हाती येते तेव्हा त्यातला पहिला वाटा दंडाचा असतो.

याच महाविद्यालयातील कायम सेवकाची स्थिती पाहावी. तो पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचा सभासद असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील तरतुदीनुसार त्याचा हप्ता पगारातूनच परस्पर वळता होतो. पगार एक महिना लांबला तर हप्ताही त्याच्याबरोबर लांबतो. तेथे हप्ता पगारामागून चालतो. तासिकेवरील अध्यापकाच्या बाबतीत पगार हप्त्यामागून धावतो आणि दर वेळी मागे पडतो. दोघांच्या प्रामाणिकपणात वा काटकसरीत काही अंतर नाही. अंतर आहे ते पैसा केव्हा हाती येतो यात. तेव्हा अशा कर्जाला उधळपट्टीचे फळ मानून खातेदारालाच उपदेश करणे अन्यायाचे ठरेल.

याबाबत नियम नाहीत असे मात्र नव्हे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढून १ एप्रिल २०१५ पासून बँकांवर काही बंधने घातली. किमान शिल्लक कमी झाल्यास खातेदारास आधी कळवावे, शिल्लक भरून काढण्यास निदान एक महिन्याची मुदत द्यावी, शुल्क तुटीच्या प्रमाणात असावे आणि केवळ या शुल्कामुळे बचत खाते उणे होता कामा नये, असे ते नियम आहेत. व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यांवर असे शुल्क लावू नये, असेही १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आदेशाने सांगितले. हेतू चांगला, पण ‘केवळ या शुल्कामुळे’ या तीन शब्दांत पळवाट राहून गेली आहे. हप्ता परत गेल्याचे शुल्क त्या मर्यादेत येत नाही, आणि तुटीशी प्रमाण राखण्याचे बंधनही त्याला नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केल्याची माहिती शासनाने जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिली. ज्यांच्यापाशी ठेवावयास शिल्लक नव्हती त्यांच्याकडून जमलेली ही रक्कम आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिले हप्ते महाराष्ट्रातील महिलांच्या खात्यांत पडले, तेव्हा जुन्या शुल्कांपोटी ते कापले गेल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्य शासनाला बँकांना सूचना कराव्या लागल्या. शासनाने एका हाताने दिलेले बँकेने दुसऱ्या हाताने घ्यावे, ही विसंगती त्या निमित्ताने सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यावरील हे शुल्क रद्द केले होते. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी तोच मार्ग धरला. हे शुल्क घेतल्यावाचून बँक चालत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला आहे.

बँकांची बाजूही ऐकून घ्यावयास हवी. खाते चालविण्यास खर्च येतो, परत गेलेल्या हप्त्यामुळे काम वाढते आणि काहीच शुल्क नसेल तर लोक बेफिकीर होतील, असे त्यांचे म्हणणे असते. त्यातील पहिले दोन मुद्दे मान्य करूनही प्रश्न उरतो की, यंत्राने क्षणार्धात परत पाठविलेल्या एका नोंदीचा खर्च खरोखर चारशे रुपये येतो काय? तिसऱ्या मुद्द्याविषयी म्हणावयाचे तर ज्याच्यापाशी पैसेच नाहीत त्याला दंडाची जरब बसून पैसे येत नाहीत. त्याने फक्त तूट वाढते.

ब्रिटनमध्ये हा वाद आपल्याआधी झाला आहे. तेथील बँका विनामंजुरी ओव्हरड्राफ्टवर भरमसाट शुल्क आकारीत. शासकीय व्यापार नियामकाने बँकांविरुद्ध चालविलेल्या दाव्यात नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही शुल्के बँकसेवेच्या किमतीचाच भाग असल्याने ती रास्त आहेत की नाहीत हे ग्राहक-करारांच्या नियमांखाली त्या अंगाने तपासता येणार नाही. खातेदार हरले. पुढे वित्तीय नियामकाने पाहणी केली तेव्हा दिसले की, २०१६ मध्ये विनामंजुरी ओव्हरड्राफ्टच्या शुल्कापैकी निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या दीड टक्का ग्राहकांकडून आली होती. अखेर एप्रिल २०२० पासून विनामंजुरी ओव्हरड्राफ्टला मंजूर ओव्हरड्राफ्टहून अधिक दर लावण्यास आणि ठोक शुल्क घेण्यास तेथे बंदी झाली. त्यानंतर अनेक बँकांनी सरसकट व्याजदर चाळीस टक्क्यांच्या घरात नेला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे एक दार बंद केले तर दुसरे उघडते. म्हणून मर्यादा एखाद्या विशिष्ट शुल्काला न घालता एकूण बोजालाच घातली पाहिजे.

अशा मर्यादेचे तत्त्व शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. दामदुपटीचा नियम या भूमीतला आहे. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, हे हिंदू धर्मशास्त्रातील तत्त्व मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानले होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जरोख्यावरील आकड्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कुळाने अंगठा उठविला म्हणून सावकाराचा प्रत्येक आकडा खरा मानावयाचा नाही, हा त्यामागील विचार होता. खाते उघडताना बारीक अक्षरांतील अटींखाली केलेली सही त्या अंगठ्याहून फारशी वेगळी नाही.

तेव्हा रिझर्व्ह बँकेने शुल्कांना दामदुपट लागू करावी. एका तुटीतून उद्‌भवणाऱ्या सर्व शुल्कांची बेरीज, मग ती बँकेची असोत वा कर्ज देणाऱ्या संस्थेची, त्या तुटीच्या रकमेहून अधिक असू नये. वरील उदाहरणातील अध्यापकाला मग १,३९४ नव्हे, फार तर ५०० रुपये पडतील. तोच हप्ता एका महिन्यात कितीही वेळा पाठविला तरी शुल्क एकदाच घ्यावे. शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, रोजगार हमीची मजुरी व शासकीय साहाय्य यांतून जुनी शुल्के वसूल करण्यास बंदी असावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमान्वये न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी सामान्य कर्जासाठी सावकाराला पगाराचा मोठा भाग जप्त करता येत नाही. न्यायालयाला जे वर्ज्य, ते बँकेच्या यंत्राने हुकूमनाम्याविना करावे, यात कोणता न्याय आहे?

नियम बदलेपर्यंत खातेदाराने हात जोडून बसू नये. प्रथम खात्याचा उतारा मागून प्रत्येक शुल्काचे कारण लेखी विचारावे व ती माफ करण्यासाठी शाखाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते २०१२ पासून कोणालाही उघडता येते. चालू खाते त्यात बदलून घेता येते. जनधन खाते असल्यास पात्रतेनुसार दहा हजारांपर्यंत मंजूर ओव्हरड्राफ्ट मागता येतो. हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेण्याची मागणी संस्थेकडे करावी. बँकेने तीस दिवसांत तक्रारीची दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मात्र खाते तसेच टाकून देऊ नये आणि हप्ता परत गेल्याची कायदेशीर नोटीस आल्यास ती दुर्लक्षू नये. २००७ च्या कायद्याने त्याला न वटलेल्या धनादेशाप्रमाणेच फौजदारी परिणाम जोडले आहेत. हे खड्डे बुजविण्यासाठी भ्रमणध्वनीवरून झटपट मिळणारे कर्ज काढणे तर सर्वांत घातक.

अर्ज लिहिणे, उतारा वाचणे, नियम शोधणे ही कामे सुशिक्षितांना अवघड नाहीत. शाळेतील शिपायाला, वसतिगृहातील विद्यार्थ्याला, घरकाम करणाऱ्या बाईला ती अवघड आहेत. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा बँकेचे दार सामान्य माणसाला उघडल्याचे आपण अभिमानाने सांगितले. ते दार आज खरोखरच उघडे आहे. पण आत गेलेला माणूस रिकाम्या खिशाबद्दल दंड भरून बाहेर येतो. शिक्षकाने एका विद्यार्थ्याचा, कारकुनाने एका सहकाऱ्याचा उतारा या महिन्यात शेजारी बसून वाचला आणि एक अर्ज लिहून दिला, तरी त्या माणसाचे काही शेकडा रुपये वाचतील. त्याच्या घरात ती रक्कम लहान नसते.