मदत कोणाच्या मताने?

अपंगांच्या प्रश्नाविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे दोन शब्द हमखास येतात: दया आणि पुनर्वसन. दया करणारा कोणी एक असतो, पुनर्वसन करणारा दुसरा असतो. ज्याच्यासाठी हे सारे चालते तो मात्र नेहमी कर्माच्या जागी असतो, कर्त्याच्या जागी कधीच नसतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, अपंग व्यक्तीला लागणारी मदत कोणी द्यावी, केव्हा द्यावी आणि कशासाठी द्यावी हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच असला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत त्यांचा समावेश आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये पणजीला त्यांच्यासाठी 'पर्पल फेस्ट' हा मोठा उत्सवही भरला. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण पैसा हाती येणे वेगळे आणि आयुष्याची सूत्रे हाती येणे वेगळे.

पेडणे तालुक्यातील हणखणे, इब्रामपूर किंवा डिचोलीतील लाटंबार्से, मेणकुरे अशा गावांचा विचार करा. वाडे विखुरलेले, वाटा चढउताराच्या. ज्याला चालता येत नाही त्याला बसच्या थांब्यापर्यंत यायलाही दुसरा माणूस लागतो. हा दुसरा माणूस म्हणजे बहुधा आई, भाऊ नाही तर वहिनी. त्यांना सवड असेल तेव्हा बाहेर पडायचे. बांबोळीच्या इस्पितळात किंवा बँकेत ते नेतात, कारण ती 'कामे' आहेत. पण पेडण्याची पुनव पाहायची असेल, मैत्रिणीकडे जायचे असेल, गावातले नाटक संपेपर्यंत बसायचे असेल, तर? "तुला कशाला हवे ते?" हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, आणि त्या प्रेमानेच दार बंद होते.

याच पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ आहे. तेथून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली. विमानतळावर चाकाची खुर्ची मागितली की ती ढकलणारा माणूस येतो. 'तुम्ही मुंबईला कशाला चाललात?' असे तो विचारीत नाही. गावातल्या माणसाला मात्र वाचनालयात जायचे तरी घरच्यांना कारण पटवून द्यावे लागते. मदत घेणे यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मदतीसाठी दर वेळी परवानगी मागावी लागण्यात.

आपला कायदा या बाबतीत आपल्या समाजाच्या पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि व्यक्तिगत मदतनिसाचा उल्लेखही केला. आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मदतीची व्यवस्था पटली नाही तर ती बदलण्याचा, मोडण्याचा आणि दुसऱ्याची मदत घेण्याचा अधिकारही कलम १३ देते. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी मदतनीस-भत्त्याची तरतूद आहे. आणि हा भत्ता कायद्याने अपंग व्यक्तीला म्हटला आहे, तिच्या वतीने वावरणाऱ्याला नव्हे.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत बर्कली येथे एड रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली स्वतंत्र जीवन केंद्र सुरू केले. ते चालविणारे स्वतःच अपंग होते. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने सेवेऐवजी थेट पैसे देण्याची वाट मोकळी केली, म्हणजे मदतनीस कोण ठेवायचा हे घेणाऱ्याने ठरवावे. आपल्या जवळचे उदाहरण हवे तर कोल्हापूरचे आहे. चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. पुढे पेडण्याला लागून असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिने काजूप्रक्रियेचा उद्योगही काढला. जिला समाज 'सांभाळायची' म्हणतो, ती व्यक्ती संस्था सांभाळू शकते, हे यावरून दिसते.

यावर आक्षेप येतीलच. पैसे हाती दिले तर ते उधळले जातील, असे म्हटले जाते. पण कारकुनाचा पगार तो कशावर खर्च करतो हे पाहून आपण देतो का? बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचे काय, असाही प्रश्न येईल. तो रास्त आहे. परंतु ज्याला हिशेब येत नाही त्यालाही कोणाच्या हातचे जेवण आवडते, कोणाची भीती वाटते हे नक्की कळते. निवडीची सुरुवात तेथून करता येते. तिसरा आक्षेप कुटुंबाचा: आम्ही प्रेमाने करतो, परका कशाला? पण साठी ओलांडलेली आई तीस वर्षांच्या मुलाला रोज उचलते तेव्हा झिजते ती आईच. तिच्या पश्चात काय, या चिंतेने तिला झोप नसते. मुलाने निवडलेला, पगारी मदतनीस आला तर आईचे प्रेम कमी होणार नाही. तिच्या पाठीवरचा भार तेवढा कमी होईल.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. कायद्यातील मदतनीस-भत्ता गरजू व्यक्तीच्याच खात्यात पडावा. पंचायतींनी मदतनिसाचे काम करू इच्छिणाऱ्यांना शिक्षण मिळवून द्यावे आणि त्यांची यादी ठेवावी. निवड मात्र ज्याला मदत हवी त्याने करावी. आपल्या महाविद्यालयांपुरते बोलायचे तर अंध विद्यार्थ्याचा लेखनिक हे याचेच छोटे रूप आहे. २०१३ व २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक निवडण्याची मुभा दिली होती, ती याच तत्त्वावर.

विद्यार्थिमित्रांनो, कोणाला रस्ता ओलांडून देण्यापूर्वी त्याला पलीकडे जायचे आहे का, हे आधी विचारा. अध्यापकांनी आणि शासनानेही तेच विचारावे. उत्तर ऐकून घेण्याची तयारी असेल तरच हात पुढे करण्याला अर्थ आहे.