विश्लेषण : जुना गेमिंग संगणक अपग्रेड करावा की नवा घ्यावा? रॅमच्या महागाईने गणित कसे बदलले?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट थांबवले. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतील ग्राफिक कार्डांसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणेही बंद केले. पाठोपाठ रॅमच्या किमती भडकल्या. या तिन्ही घटनांचा फटका एकाच वर्गाला बसला आहे. २०१६ ते २०१९ या काळात घरच्यांची मनधरणी करून, एकेक भाग निवडून गेमिंग संगणक असेंबल करून घेतलेला हा वर्ग. यंत्र चालू आहे, पण नवे गेम अडखळतात. अशा वेळी दुकानदाराचे ठरलेले उत्तर असते, ‘आता नवाच घ्या’. वर्षभरापूर्वी ते बऱ्याच अंशी बरोबर होते. आज तसे राहिलेले नाही.

रॅम इतकी महाग का झाली?

जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना ‘एचबीएम’ नावाची वेगवान मेमरी लागते. एका एचबीएम चिपसाठी तितक्याच क्षमतेच्या डीडीआर-५ मेमरीच्या साधारण तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. नफाही तिकडेच जास्त. त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि घरगुती संगणकांच्या वाट्याला टंचाई आली.

‘रॉयटर्स’च्या वृत्तानुसार सॅमसंगने ३२ जीबी डीडीआर-५ मॉड्यूलचा कंत्राटी दर सप्टेंबर २०२५ मधील १४९ डॉलरवरून नोव्हेंबरमध्ये २३९ डॉलरवर नेला. म्हणजे दोन महिन्यांत ६० टक्के वाढ, आणि तीही घाऊक खरेदीदारांसाठी. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने होणारी ग्राहकांसाठीची विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. बजेट पाहून रॅम घेणाऱ्यांचा हा हक्काचा ब्रँड होता. जुनी डीडीआर-४ रॅमही या महागाईतून सुटलेली नाही.

जुन्या संगणकाच्या मालकासाठी याचा अर्थ सरळ आहे. त्याच्या कॅबिनेटमध्ये आधीपासून असलेली १६ जीबी डीडीआर-४ रॅम ही आता जपून ठेवण्याची वस्तू आहे. एएमडीचा एएम-५ किंवा इंटेलचा कोअर अल्ट्रा २०० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसर घेतला, तर फक्त डीडीआर-५ चालते. तिथे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असे तिन्ही एकदम घ्यावे लागते. जुनी रॅम ज्यात चालेल असा मार्ग शोधणे, हे आता पैसे वाचवण्याचे मुख्य सूत्र झाले आहे.

अडते नेमके कुठे, हे कसे ओळखावे?

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ तपासणीत घालवावी. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये किंवा ग्राफिक कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पाहावे. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने चालले आहे आणि तेच कमी पडते आहे. कार्ड ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम कमी येत असतील, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. मात्र गेममध्ये फ्रेमची मर्यादा किंवा व्ही-सिंक चालू असेल, तर हा आकडा फसवा असतो. ते आधी बंद करावे.

दुसरी चाचणी याहून सोपी आहे. गेमचे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. फ्रेम झपाट्याने वाढल्या, तर दोष कार्डाचा. फ्रेम जवळपास तितक्याच राहिल्या, तर दोष प्रोसेसरचा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धात्मक गेम प्रोसेसरवर अधिक भार टाकतात. मोठ्या कथानकाचे, चकचकीत दृश्यांचे गेम कार्डाची परीक्षा घेतात. त्यामुळे एकाच संगणकाबाबत दोन मित्रांची दोन मते असू शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात.

काही दुखणी तर फुकटात बरी होतात. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्‌झवरच सेट असतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते. रॅमचा पूर्ण वेग बायोसमधील ‘एक्सएमपी’ पर्याय चालू केल्याशिवाय मिळत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. पाच-सहा वर्षांत एकदाही थर्मल पेस्ट बदललेली नसेल, पंख्यांत धूळ साचलेली असेल, तर उष्णतेमुळे प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हे हमखास घडते. आठ जीबीची एकच रॅम स्टिक असेल, तर तशीच दुसरी जोडल्याने ड्युअल चॅनेल सुरू होते आणि बराच फरक पडतो. गेम अजून हार्ड डिस्कवर असतील, तर एसएसडी आधी, बाकी सारे नंतर.

‘अपग्रेड’ कोणाला परवडते?

याचे उत्तर यंत्राच्या वयापेक्षा मदरबोर्डवर अवलंबून आहे. एकाच सुमाराच्या दोन संगणकांचे उदाहरण घेऊ.

पहिल्यात रायझन ५-२६०० प्रोसेसर, बी-४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर-४ आणि जीटीएक्स १०६० कार्ड आहे. एएमडीचे एएम-४ सॉकेट फार काळ टिकले. २०१८ च्या या बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५-५६०० किंवा ७-५७००एक्स बसतो. हे प्रोसेसर दोन पिढ्या पुढचे आहेत. गेमसाठी जास्तीची कॅश मेमरी असलेला ५७००एक्स-३डी चांगल्या किमतीत मिळाला तर आणखी उत्तम, पण तो आता सहज सापडत नाही. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. अशा यंत्राला भंगारात काढणे हा अपव्यय आहे. बायोस अपडेट मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधीच करायचा. आधी नवा बसवला आणि बोर्डाने तो ओळखला नाही, तर स्क्रीन काळीच राहते आणि दुकानाची फेरी पदरी पडते.

दुसऱ्यात आय-५ ७४०० प्रोसेसर आणि बी-२५० बोर्ड आहे. इथे रस्ता बंद. इंटेलने आठव्या पिढीसाठी सॉकेटचे नाव एलजीए-११५१ तेच ठेवले, पण जुन्या बोर्डांवर ते प्रोसेसर चालू दिले नाहीत. जास्तीत जास्त सातव्या पिढीचा आय-७ मिळेल, तोही सेकंड हँड, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तोही नाही. यात मोठा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

पण म्हणून सगळेच नवे घ्यावे लागते असेही नाही. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीसाठी डीडीआर-४ चालणारे बोर्डही निघाले. एच-६१० किंवा बी-६६० चा डीडीआर-४ प्रकारातील बोर्ड आणि सहा कोअरचा आय-५ १२४००एफ घेतला, तर जुनी डीडीआर-४ रॅम, एसएसडी, कॅबिनेट तसेच पुढे चालतात. बोर्ड घेताना खोक्यावर ‘डी-४’ किंवा ‘डीडीआर-४’ लिहिले आहे ना, हे पाहावे, कारण त्याच नावाचे डीडीआर-५ बोर्डही बाजारात आहेत आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. १२४००एफ मधील ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक नाही. कार्ड बिघडले तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. घरात हाच एकमेव संगणक असेल, तर ‘एफ’ नसलेला घेणे बरे.

ग्राफिक कार्ड बदलताना काय पाहावे?

जीटीएक्स १०६० सारख्या कार्डांना एनव्हिडियाकडून ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील. कार्ड उद्या बंद पडणार नाही. पण नव्या गेमसाठी सुधारणा मिळणार नाहीत. जीटीएक्स १६५० आणि १६६० यातून वगळलेले आहेत. त्यांची अडचण वेगळी आहे. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमना रे-ट्रेसिंगची सोय असलेले कार्ड अनिवार्य आहे. सेटिंग कितीही कमी केले तरी ते जीटीएक्स कार्डांवर नीट चालण्यासाठी बनवलेलेच नाहीत. असे गेम अजून थोडे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

नवे कार्ड घेताना बहुतेक ग्राहक फक्त नाव आणि किंमत पाहतात. जुन्या बोर्डासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी मेमरी आहे आणि ते बोर्डाशी ८ लेनने जोडले जाते. बी-४५० सारख्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी आवृत्ती असते, म्हणजे लेनचा वेगही कमी. गेमला ८ जीबी अपुरी पडली की माहितीची ये-जा या अरुंद वाटेने होते आणि खेळ मध्येच गचके खातो. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी १६ लेन वापरते आणि १६ जीबीमध्येही मिळते. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत आरटीएक्स ५०६० ची किंमत २९९ डॉलर होती, तर या १६ जीबी कार्डाची ३४९. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि दुकानदाराची गणिते यात मिळवावी लागतात. तरीही जुन्या बोर्डावर चार-पाच वर्षे काढायची असतील, तर हा फरक मोजण्यासारखा आहे. कार्डांवरही मेमरी चिप असतातच, त्यामुळे टंचाईची झळ त्यांनाही लागते.

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस. अनेक असेंबल्ड संगणकांत कॅबिनेटसोबत आलेला, नावगाव नसलेला एसएमपीएस असतो. त्यावर ‘५०० वॉट’ छापलेले असले तरी तो तेवढा भार पेलेलच असे नाही. हजारोंचे नवे कार्ड त्यावर लावणे हा जुगार आहे. चांगल्या कंपनीचा, ८०-प्लस प्रमाणित एसएमपीएस आधी घ्यावा. तो पुढच्या संगणकातही उपयोगी पडतो. नामांकित कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये तर एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर अनेकदा कंपनीचे स्वतःचेच असतात. तिथे बदल करण्यापूर्वी झाकण उघडून पाहणे आवश्यक.

विंडोज १० वर राहिले तर चालेल का?

गेम चालतील. प्रश्न फक्त गेमचा असता तर गोष्ट वेगळी होती. पण आपल्याकडे मुलाच्या गेमिंग संगणकावरच वडील नेट बँकिंग करतात, आई वीजबिल भरते, बहीण प्रवेश अर्ज भरते. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर हे करणे धोक्याचे आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. ३० डॉलर भरून, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट वापरून किंवा संगणकाची सेटिंग मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करून पैसे न भरता ती मिळते. सेटिंगमधील विंडोज अपडेटच्या पानावर हा पर्याय असतो. निर्णय पुढे ढकलण्याचा हा वैध मार्ग आहे, कायमचा नाही.

विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सोबत टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट. ‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच हार मानू नये. अनेक बोर्डांत टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो. व्हॅलोरंट विंडोज ११ वर या दोन्ही गोष्टी मागतो, तर ‘बॅटलफिल्ड ६’ ला सिक्युअर बूट लागतेच. लिनक्सचा पर्याय जुन्या यंत्रांना जीवदान देतो खरा, पण हे दोन्ही गेम त्यावर चालत नाहीत.

मग नवा संगणक कधी घ्यावा?

रॅम डीडीआर-३ असेल, बोर्ड पुढचा प्रोसेसर घेत नसेल आणि कार्डही जीटीएक्स पिढीचे असेल, तर जपण्यासारखे फार उरत नाही. अशांनी तुकड्यातुकड्याने खर्च करत राहू नये. १४४०पी किंवा ४-केवर खेळायचे असेल, व्हिडीओ एडिटिंग किंवा थ्रीडीचे काम करून कमावायचे असेल, तर एएम-५ वर जाणे रास्त आहे. एएमडीने हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवण्याचे सांगितले आहे. अशा वेळी १६ जीबीची एकच स्टिक घेऊन पुढे भाव उतरल्यावर दुसरी जोडणे ही तडजोड चालण्यासारखी आहे. प्रोसेसर व बोर्डात मात्र काटकसर नको.

‘जीटीए ६’ साठी आत्ताच नवा संगणक घेण्याचा बेत असेल, तर थांबावे. रॉकस्टारने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे.

सेकंड हँड बाजाराचे काय?

मुंबईतील लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत जुन्या कार्डांचा आणि प्रोसेसरचा बाजार मोठा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर दिवस-रात्र राबलेली हजारो कार्डे या बाजारात आली. सगळी खराब नसतात. पण बिल, उरलेली वॉरंटी आणि खोक्यावरचा व कार्डावरचा सिरियल क्रमांक जुळतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास एखादा जड गेम चालवून पाहणे हीच खरी परीक्षा. प्रोसेसर जुना घेण्यात तुलनेने धोका कमी असतो, कारण तो सहसा बिघडत नाही. जुना एसएमपीएस घेऊच नये.

जुने भाग विकतानाही रॅम शेवटी विकावी. हार्ड डिस्क किंवा एसएसडी देण्याआधी ती पूर्ण पुसावी, नुसते फोल्डर डिलीट करून भागत नाही. बंद पडलेला बोर्ड किंवा कार्ड भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, आणि काही कंपन्या घरून तो नेण्याची सोयही करतात.